दौंडला शिकलेला प्रश्न

शिरूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवत होते. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. शेजारच्या गावातल्या एका मुलानं जीव दिला आणि आपल्या शाळेनंही काहीतरी करायला हवं, असं आम्हा सगळ्यांना वाटू लागलं.

पहिल्या वर्षी आम्ही भाषण ठेवलं. पाहुण्यांनी मुलांकडून 'जीव देणार नाही' अशी शपथ म्हणवून घेतली, टाळ्या झाल्या. दुसऱ्या वर्षी जिन्याखाली मनातलं लिहून टाकायला चिठ्ठ्यांची पेटी लावली. तिच्यात बंद पंख्याच्या आणि सरांच्या मिशांबद्दलच्या चिठ्ठ्या निघाल्या. तिसऱ्या वर्षी मला दोन दिवसांच्या शिबिरासाठी दौंडला पाठवलं.

तिथं शिकवायला मानसोपचाराच्या एक डॉक्टरबाई होत्या. त्या म्हणाल्या, "नुसत्या भाषणाचा फारसा उपयोग दिसलेला नाही. वर्गात मुलांशी मनाबद्दल बोललं, मित्राला कशी मदत करायची ते शिकवलं, तर फरक पडतो. हे लोकांनी तपासून पाहिलंय. आपल्या या शिबिरानं किती साधेल, ते मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही."

त्यांचा तो खरेपणा मला आवडला. मग त्यांनी आम्हाला जोड्या करून बसवलं आणि समोरच्याला विचारायला लावलं, "मरून जावं असं मनात येतं का?"

"अशानं पोराच्या डोक्यात नसलेलं यायचं," मी म्हणाले.

"येत नाही. कुणीतरी विचारलं म्हणून उलट बरं वाटतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

न अडखळता विचारता येईपर्यंत मी तो प्रश्न म्हणत राहिले.

परत आल्यावर नववीचे चार तास मागून घेतले. मैत्रीण मरणाबद्दल काही बोलली, तर ते गुपित ठेवायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं, हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. "बाई, माझ्या शेजारी बसती ना, तिनं तिचा कंपास मला देऊन टाकला. रंगपेटी दुसरीला दिली. म्हणती, मला आता लागायचं न्हाई." मग म्हणाली, "मी सांगितल्यालं तिला कळलं तर बोलायची न्हाई माझ्याशी."

"तू बरोबर केलंस," मी म्हणाले.

कंपास देऊन टाकणाऱ्या त्या मुलीला मी ग्रंथालयात बसवून घेतलं. इकडचं तिकडचं बोलले आणि मग दौंडचा तो प्रश्न विचारला. ती टेबलाची कड नखानं खरवडू लागली.

"येतं," ती म्हणाली. "रोज येतं."

मग हळूहळू बोलली. गणित जमत नव्हतं, झोप लागत नव्हती, घरात लग्नाचं बोलणं निघालं होतं, आणि कशातच मन राहिलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "कुणाला सांगू नका, बाई."

"तसं वचन मला देता येणार नाही. पण तुझ्या माघारी काही करणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघी ठरवू."

तिनं वडिलांचं नाव घेतलं. मला वाटलं होतं, आई म्हणेल.

शाळा सुटेपर्यंत मी तिला एकटं सोडलं नाही. वडील तळेगाव ढमढेऱ्याकडं भाजीपाला करायचे. निरोप मिळाला तसे मातीच्या पायांनी आले. ऐकून घेतलं आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर म्हणाले, "काय करायचं ते सांगा, बाई."

डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं तेच मी सांगितलं. फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, तिला एकटी ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी त्याच दिवशी सगळी औषधं भावाच्या गोदामात नेली. लग्नाचा विषयही थांबवला.

पुढं कित्येक महिने ते तिला एसटीनं दौंडला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन जात होते. पहिल्या खेपेला मीही गेले. मला सांगणाऱ्या मैत्रिणीवर रुसून ती आठवडाभर बाजूच्या बाकावर बसली, मग पुन्हा तिच्या शेजारी आली. बरं होणं काही सरळ नव्हतं. फेब्रुवारीत ती पुन्हा खचली, पण या वेळी आपण होऊन माझ्याकडे आली.

वर्षअखेरीस हेडमास्तरांनी विचारलं, "तीन वर्षांत तीन उपक्रम झाले. चांगला कोणता, लिहून द्या."

मी बसले, पण एकाचं नाव लिहिता येईना. वर्गातले तास झाले नसते तर ती मैत्रीण मला सांगायला आली नसती. दौंडला गेले नसते तर मला विचारता आलं नसतं. आणि वडिलांनी औषधं हलवली नसती, डॉक्टरबाई नसत्या, तर? मी तसंच लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, पुन्हा भाषण ठेवायचं नाही असं ठरवलं आणि आठवीलाही चार तास दिले.

ती नववी पास झाली. गणितात काठावर.