सायन्स की हॉकी, सकाळपर्यंत सांगायचंय

मंडळी, आज माझ्या मुलीला, अश्विनीला, ठाण्याच्या एका कॉलेजात हॉकीच्या निवड चाचणीला नेलं होतं. दहावीचे गुण चांगले आहेत, अकरावीला सायन्स घ्यायचं ठरलेलं.

चाचणी झाल्यावर प्रशिक्षक म्हणाले, "पोरगी गोल मस्त राखते. स्पोर्ट्स कोट्यातून घेतो. पण सायन्सची प्रॅक्टिकल्स दुपारी, आमचा सरावही दुपारीच. सकाळपर्यंत काय ते सांगा."

मी तोंड उघडायच्या आत अश्विनी म्हणाली, "सर, मी कॉमर्स घेते."

भिवंडीच्या एसटीत मी विचारलं, "अगं, डॉक्टर व्हायचं होतं ना?"

"पप्पा, आता टेन्शन नका ना देऊ!"

घरी आल्या आल्या ती शेजारच्या स्वप्नालीचं बायोलॉजीचं पुस्तक परत द्यायला गेली. लगेच आली, पुस्तक हातातच. म्हणाली, "ताई घरी न्हाय."

लोडशेडिंगमुळे गल्लीतले कापडाचे सगळे लूम बंद होते, खडखडाट नव्हता. पलीकडच्या घरातून स्वप्नालीचं हसणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

आता वीज आलीय, लूम सुरू झालेत, पण माझं कशात लक्ष नाही. कोणाच्या घरी असा पेच पडला होता का? सरांना काय सांगू?