उलट्या गिअरवर चढलेला घाट

राजूरच्या घाटात आमची एसटी तापली, म्हणून आम्ही सगळे खाली उतरलो होतो. तेवढ्यात एक जुनी जीप वर आली. तिला डिझेलचं इंजिन बसवलेलं होतं आणि मागच्या ट्रॉलीत विहिरीवरचं नवं इंजिन न् लोखंडी पाइप. पहिल्या गिअरमध्येही ती चढावर बंद पडली.

"अर्धा माल उतरवा, दोन खेपा करा," आमचा कंडक्टर म्हणाला.

"काऊन? तिकडं देऊळघाटले वांगे वाळून राह्यले!" ग्रीसनं काळं झालेलं मुंडासं सारखं करत जीपवाला खेकसला.

ट्रॉलीच्या चाकांना दगड लावून त्यानं ती सोडली. जीप वळवली आणि पुढच्या बंपरला स्वतः ठोकलेल्या हुकात ट्रॉली अडकवली. मग उलटा गिअर टाकला.

"खरा जोर याच्यातच हाय," तो म्हणाला.

जीप पाठमोरी घाट चढू लागली. लोक खो खो हसले.

"हसा बे, हसा! मी वझ्याले पाठ नाई दाखवत."

आमची एसटी तिथंच वाफ सोडत उभी होती. वळणाआड जाईपर्यंत ती जीप आमच्याकडं तोंड करून चढत राहिली.