दक्षिणेकडे पाय

सासऱ्यांना झटका आला, पण वाचा गेली नाही. हे ऐकून माझ्या नवऱ्याला झालेला आनंद फार दिवस टिकला नाही. पुण्याच्या दवाखान्यातून त्यांना कासारसाईला घरी आणलं आणि खाटेवर पाठ टेकताच त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. गेलं होतं ते वेगळंच. त्यांच्या लेखी जगाची डावी बाजूच नाहीशी झाली होती. डोळे धड होते, डावा हातही थोडाफार हलत होता, पण मेंदूने ती बाजू हिशेबात धरायचं सोडून दिलं होतं.

जेवायला बसवलं की ते ताटाच्या उजव्या अर्ध्यातली भाकरी संपवायचे आणि भाजी वाढली नाही म्हणून माझ्या माहेराचा उद्धार करायचे. माझं माहेर लातूरकडचं. तिकडे भाजी वाढायची पद्धत नसावी, असं त्यांचं मत झालं होतं. मी तोंड मिटून ताट फिरवायची. मग भाजी दिसली की म्हणायचे, मागितल्याबिगर काय मिळत न्हाई ह्या घरात. एकदा पोटावर पडलेला स्वतःचाच डावा हात त्यांनी उजव्या हाताने उचलला आणि मला विचारलं, "ह्यो कुणाचा हाय? ज्याचा असंल त्याला देऊन टाक." मी हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दवाखान्यातल्या सिस्टरने निघताना आम्हाला बजावलं होतं की औषधांइतकंच तुमचं वागणं महत्त्वाचं आहे. त्यांच्याशी डावीकडून बोला, डावीकडे बसा, तो हात चोळा, त्याच्याखाली उशी ठेवा, अधूनमधून कुशीवर वळवा. ती बाजू त्यांच्या ध्यानात येईपर्यंत त्यांना उभं करायचं नाही, पडतील.

इथे घोडं अडलं. मागच्या खोल्या भाड्याने दिलेल्या, त्यामुळे आमच्या वाट्याला उरलेल्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीला फ्रीज, एका भिंतीला कपाट आणि देव. खाट मावायची ती पश्चिमेच्या भिंतीलाच. ते उशाला दक्षिण करून झोपायचे, म्हणजे डावी बाजू भिंतीकडे. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातून येऊन उजवीकडे बसायचा, चहा प्यायचा, आपल्या नात्यातला असाच झटका आलेला माणूस कसा गेला ते सविस्तर सांगायचा आणि जायचा. डावीकडून त्यांच्याशी बोलायचं तर पालीचा जन्म घ्यायला हवा होता.

मी म्हटलं, सोपं आहे, उशी पायथ्याला आणू. डावी बाजू आपोआप दाराकडे येईल. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"जित्या माणसाचं पाय दक्षिणेला? मी हाय तवर न्हाई व्हायचं."

मी त्यांना मेंदू समजावला. त्यांनी मला यम समजावला. मी चिडून म्हणाले की यमाला यायचं असेल तर तो उत्तरेच्या खिडकीतूनही येईल. त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलत होत्या. आणि खरं सांगायचं तर मीही तशीच बोलत होते.

त्यांचं मन बदललं ते माझ्या समजावण्याने नाही. एका दुपारी त्या खाटेवर चढून, भिंतीला पाठ लावून, मांडीवर सासऱ्यांचा डावा हात घेऊन तेल चोळत बसल्या होत्या. एकेक बोट सरळ करत होत्या. सासरे माझ्याकडे बघून कुरकुरले, "तुजी सासू कुटं उलथली? नवरा आजारी पडला तर एकदा तरी इचारावं का न्हाई तिनं?"

मी बोट दाखवलं. त्यांची नजर माझ्या बोटापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सासूबाई राहिलेली दोन बोटं चोळून झाल्यावर खाली उतरल्या, पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "फिरव खाट. पर दिवा लागायच्या आत परत व्हती तशी करायची."

मग रोज सकाळी सासऱ्यांना खुर्चीत बसवून मी आणि नवरा गादी-उशांची दिशा बदलायचो आणि संध्याकाळी यमाच्या कामाची वेळ व्हायच्या आत पुन्हा फिरवायचो. सासऱ्यांना वाटायचं, आम्ही घर बदलतोय. सासूबाई दिवसभर त्यांच्या डाव्या अंगाला जमिनीवर बसून तांदूळ निवडायच्या, बोलायच्या, हात चोळायच्या. सासरे उजवीकडच्या भिंतीकडे बघत त्यांची चौकशी करायचे.

अशातच माले गावाला दिलेल्या सासऱ्यांच्या बहीण, आमच्या आत्याबाई, त्यांना बघायला निघाल्या. पौडला एसटी बदलून, वाटेत मिळेल त्या गाडीने येऊन पोचल्या. त्या वेळी सासरे गाढ झोपले होते. मी त्यांच्यावर धुतलेली पांढरी चादर घातली होती. शेजारच्या दोघी डोक्यावर पदर घेऊन गप्प बसल्या होत्या आणि सासूबाई खाली मान घालून तांदळातले खडे वेचत होत्या. आत्याबाईंनी उंबऱ्यातून हे पाहिलं, मग दक्षिणेला केलेले पाय पाहिले. हातातली पिशवी तिथेच पडली. त्या धावत येऊन खाटेच्या डाव्या कडेवर कोसळल्या आणि भावाचे गुण गात असा हंबरडा फोडला की मागचे भाडेकरू चपला न घालता धावत आले. सांगायला मी तोंड उघडलं, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना.

गुण गाता गाता आत्याबाई भावाच्या बांधालगतच्या जमिनीवर आल्या. ती दादानं मला द्यायची कबूल केली हुती, असं त्यांनी सगळ्यांना साक्षी ठेवून रडत सांगितलं.

सासऱ्यांचे डोळे उघडले. मान हळूहळू वळायला लागली, समोरून दाराकडे, आणखी थोडी पुढे, जिकडे ती इतक्या दिवसांत एकदाही गेली नव्हती.

"कवा केली गं कबूल?" ते म्हणाले.

आत्याबाईंचं रडं तोंडातच राहिलं. मी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला. सासरे बहिणीला आणखी ऐकवणार होते, पण त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे सासूबाई सूप धरून बसल्या होत्या.

"तू हितं हाईस व्हय," ते म्हणाले. "कवाधरनं?"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "हितंच तर हाय," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दिवा लागला तरी खाट फिरवा असं कुणी म्हणालं नाही. मी आठवण करून दिली, तर सासूबाईंनी मलाच गप्प केलं. त्यांचा हात तेव्हा सासऱ्यांच्या डाव्या हातात होता.