चुलीपाशी ठेवलेली हेल्मेटं

लाकडाच्या धुराचा वास आला की मी अजूनही उजव्या हाताची मूठ आवळतो.

तेव्हा आम्ही तिघे मित्र मोटारसायकलींवर तिकोणा गडाच्या पायथ्याच्या तिकोणा पेठेला गेलो होतो. गड उतरून पाहतो तर गाड्यांना अडकवलेली हेल्मेटं गायब! समोरच्या अंगणात एक मावशी तांदूळ पाखडत होत्या.

"इथं दुसरं आलंय कोण?" मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो.

मावशींनी सूप खाली ठेवलं आणि घरातून तिन्ही हेल्मेटं आणली. "माकडं लय फाडाफाडी करत्यात. भुरभुरीनं भिजली बी हुती, म्हून चुलीपाशी ठिवली."

हेल्मेट उबदार होतं, आतून धुराचा वास येत होता. तरीही मी त्यात उजवा हात घालून, गड चढताना आत खोचून ठेवलेले माझे हातमोजे चाचपले.

मावशी माझ्या हाताकडेच बघत होत्या.

"हायेत न्हवं दोनी?" त्यांनी विचारलं.