शिंपीकाकांची मोडलेली बैठक

शाळेच्या नाटकाचे कपडे शिवायला टाकायला मी शिंपीकाकांच्या दुकानात पहिल्यांदा गेले, तेव्हा मशीनवरची मान न उचलता ते ओरडले, "अगं, कात्री!" मागच्या खोलीतून काकू आल्या, कात्री हातात ठेवून गेल्या. मग "अगं, इस्त्री!" मग पाणी. कात्री त्यांच्यापासून हातभर लांब, खुंटीला टांगलेली होती.

"सकाळी बसलो की जेवायलाच उठतो, बाई," ते अभिमानानं म्हणाले. काम करणाऱ्या माणसाला उठवायचं म्हणजे काकूंना पाप वाटे.

पुढे काकांचे पाय सुजू लागले. एक दिवस पोटरी लाल होऊन दगडासारखी झाली. डॉक्टरांनी रक्ताची गाठ सांगितली. औषधं दिली आणि बजावलं, "बरे झालात तरी असे बसून राहिलात, तर पुढची गाठ जिवावर बेतेल. थोड्या थोड्या वेळानं उठायचं. जमणार नसेल, तर मशीन विका."

मशीन विकायचं म्हटल्यावर काका लहान मुलासारखे रडले, हे मला काकूंनीच सांगितलं. बरे होऊन आले आणि त्यांनी आधी इस्त्री मागच्या खोलीत नेली, कात्री दाराशी टांगली, दोऱ्याची रिळं वरच्या फळीवर चढवली. पण तोंडाला वळण पडलेलं. "अगं, कात्री!" निघायचंच, आणि काकूही धावायच्या.

"तू आणतेस म्हणून मी मागतो!"

"वा! तुम्ही मागता म्हणून मी आणते!"

शेवटी काकाच म्हणाले, "मी कितीही ओरडलो तरी हलू नकोस."

त्या आठवड्यात एकदा मी दुकानात होते. "अगं, इस्त्री!" आतून काही हालचाल नाही. "ऐकलंस का?"

"ऐकलं. इथंच आहे ती. न्या येऊन, तीही बसून कंटाळलीय."

काका पुटपुटत उठले, आणि दारापर्यंत पोचता पोचता स्वतःच हसले. कोटासाठी खोळंबलेलं गिऱ्हाईक वैतागलं, "असे उठत राहिलात तर झाला माझा कोट!"

"उशिरा होईल, पण मीच शिवलेला मिळेल," काका म्हणाले.

शिक्षिका म्हणून जन्मभर मी मुलांच्या सवयी बदलायला धडपडले. उतारवयात आपली सवय आपणच मोडणारा माणूस मात्र मी हा एकच पाहिला.

काकांची पोटरी आता मऊ आहे. कापड ते उंच टेबलापाशी उभं राहून बेततात, आणि पडद्यांची मापं घ्यायला गिऱ्हाइकांच्या घरी चालत जातात.