गादीची घोडी

डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाताना एका टेकाडाखाली आमचा मठ आहे. आमचा म्हणते खरी, पण मी भक्त नव्हे. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मठाच्या मासिकाची मुद्रितं तपासायला कुणीतरी हवं होतं, आणि मला घरी बसून सुनेच्या डोक्यावर मिरे वाटायचे नव्हते, म्हणून गेले.

महाराज दर महिन्याला एक लेख देत. विषय कुठलाही असो, दुसऱ्या परिच्छेदात घोडा येणारच. मन म्हणजे उधळलेला घोडा, भक्त म्हणजे झापडं लावलेला टांग्याचा घोडा, संसार म्हणजे चढावरचं ओझं. मी एकदा वैतागून म्हटलं, "महाराज, या अंकात तरी त्या मुक्या जनावराला सुट्टी द्या." ते मनापासून हसले. "मला दुसरं येतं काय, बाई? बाप कल्याण स्टेशनला टांगा हाकायचा. पोथी नंतर हातात आली, आधी लीदच काढली."

मठाची रीत अशी की गुरुवारी पालखीपुढे घोडी चालते आणि तिच्या पाठीवर कुणी बसत नाही. खोगिरावर नुसती शाल असते. महाराजांचे गुरू त्यावर बसलेले आहेत असं मानायचं. त्यामुळे घोडीला घास भरवला की तो गुरूंना पोचतो, अशी लोकांची श्रद्धा. ठाणं, कल्याण, पार कोलशेतपासून माणसं गूळ आणि भिजवलेले हरभरे घेऊन येत. महाराज सकाळी स्वतः तिला खरारा करत, लीद निरखत, पोटाला कान लावून आतली गुडगुड ऐकत, मगच चहा घेत. पांढरीशुभ्र, शांत घोडी होती. मला जनावरांची भीती वाटते, पण ती माझ्या पदराचा वास घ्यायची तेव्हा मी हलत नसे.

एका अंकात महाराजांनी गुरूंच्या घोड्याच्या मरणावर लिहिलं. त्या घोड्याने शेवटच्या दिवशी पुढचे पाय दुमडून गादीला नमस्कार केला, मग देह ठेवला, आणि तोवर त्याला कुणी हात लावला नाही. वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खरंच असं झालं का, विचारलं तर म्हणाले, "म्हातारा झाला होता, कोसळला. आम्ही पोरं घाबरून लांब उभी होतो. लिहिताना ते असं उतरलं." लेख लोकांना इतका आवडला की विश्वस्तांनी मोठ्या अक्षरांत छापून तबेल्याच्या भिंतीवर लावला. येणारा प्रत्येकजण आधी तो वाचायचा आणि मग घोडीपुढे वाकायचा.

गेल्या गुरुपौर्णिमेला पाऊस थांबत नव्हता. घोडीला आठवडाभर फिरवता आलं नव्हतं आणि रांग मात्र पार रस्त्यापर्यंत गेलेली. गूळ, पेढे, हरभरे, कुणी तर पुरणपोळी. महाराज सकाळपासून सांगत होते, "बास करा, तिला सोसणार नाही." लोक म्हणायचे, "फक्त एक घास, महाराज. लांबून आलोय." लांबून आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही मठाची दुसरी रीत.

दुपारी घोडी खुराने जमीन उकरायला लागली. मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची. अंगाला घाम सुटला. मग तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती गुडघ्यांवर आली. समोर सभामंडप होता, आणि मंडपात गादी.

एक बाई किंचाळली, "नमस्कार केला! गादीला नमस्कार केला!"

पुढच्या क्षणी सगळे मोबाईल वर झाले. बायका रडत होत्या, आनंदाने. कुणीतरी गुलाल आणला. महाराज गर्दी सारत घोडीपाशी पोचले, गुडघे टेकून त्यांनी तिच्या पोटाला कान लावला आणि ओरडले, "आत काहीच आवाज नाही! पोटशूळ आहे! उठवा हिला, चालवा! लोळली तर आतड्याला पीळ पडेल!"

कुणी हललं नाही. विश्वस्तांचे अध्यक्ष पुढे आले. हात जोडलेले, डोळे भरलेले. कुणाला वाटेल तसा हा माणूस लबाड नव्हता, तेच वाईट. "महाराज, तुम्हाला दुःख होतंय, समजतं ना आम्हाला. पण तुम्हीच लिहिलंय, या वेळी हात लावायचा नाही."

"ते मी खोटं लिहिलं होतं!"

"महाराज," अध्यक्ष हळूच म्हणाले, "मायेपोटी असं बोलू नका."

माझं डोकं फिरलं. मी त्या माणसाला सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. कल्याणच्या जनावरांच्या डॉक्टरांना मीच फोन लावला. ते निघाले आणि शीळफाट्याच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकले. तोवर सत्तरी ओलांडलेला तो म्हातारा एकटा दावं ओढत होता. दोनदा ती उठली, त्याच्यासाठीच उठली असं मला वाटतं. दोन्ही वेळा चार पावलं टाकून पुन्हा पडली. मग लोळली. डोकं फरशीवर आपटायला लागली, आणि लोक त्या लयीवर टाळ्या वाजवून नामस्मरण करत होते. डॉक्टर फाटकाशी आले तेव्हा स्वयंसेवक त्यांना चपला काढायला सांगत होते. चपला काढून आत येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी फक्त तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. ती गुलालाने इतकी माखली होती की पांढरा रंग कुठे दिसतच नव्हता.

पुढच्या गुरुवारी महाराज गादीवर बसलेच नाहीत. खाली सतरंजीवर उभे राहून म्हणाले, "घोडीने नमस्कार केला नव्हता. तिच्या पोटात दुखत होतं. तिला तुम्ही मारलंत आणि मी मारलं." सभेत हुंदके फुटले. माझ्या शेजारची बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "किती ती नम्रता! सगळं स्वतःवर घेतात." मी उठून बाहेर गेले. संताप आला की मला तिथे थांबवत नाही, आणि थांबून तरी काय करणार होते?

दिवाळीनंतर विश्वस्तांनी नवा घोडा आणला. महाराज नको म्हणत होते, पण गादीला घोडा हवाच, असं ठरलं. पहिल्याच गुरुवारी रांग लागली, हातांत गूळ आणि हरभरे. महाराज घोड्यापुढे जाऊन उभे राहिले. पहिल्या माणसाने घास पुढे केला, तो घोड्यापर्यंत पोचू न देता त्यांनी आपलं तोंड उघडलं. माणूस गोंधळला, मग गहिवरला, आणि त्याने तो घास महाराजांना भरवला. पुढच्यानेही तेच केलं. बघता बघता नवी रीत पडली. गुरूंचा घास आता महाराज घेतात, असं रांगेत एकमेकांना सांगू लागले.

महाराजांना मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घेतात. मी रांग मोडून पुढे घुसले आणि त्यांचा दंड धरला. "महाराज, काय चाललंय हे? मराल तुम्ही!"

त्यांच्या ओठांना गूळ लागला होता. तोंडातला घास कसाबसा गिळून ते म्हणाले, "घोड्याला उलटी करता येत नाही, बाई. मला येते."

आणि त्यांनी पुढच्या माणसासाठी तोंड उघडलं.