खिडकी लावा, भोंगा आला

आमच्या भोंग्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याने मला फक्त "चहा घेणार का?" एवढंच विचारलं. टेबलावरच्या बश्या थरथरल्या, समोरच्या झाडावरचे कावळे उडाले आणि पलीकडच्या दोन इमारतींतून "घेऊ की!" असं उत्तर आलं. असा गळा सरकारच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. नगरपालिकेने त्याला सूचनांच्या गाडीत बसवलं.

गाडीचा नियम असा, की आधी पालिकेच्या कामगिरीचं गाणं, तेही पूर्ण, आणि मगच सूचना. सूचना तरी कसली, तर वर्षभर एकच: घरपट्टी भरा. त्यामुळे गाणं लागलं की अख्खी वस्ती धडाधड खिडक्या लावायची. सर्वांत आधी लावायची ती भोंग्याची सख्खी थोरली बहीण. नाल्याकाठच्या शेवटच्या गल्लीत ती एकटीच राहायची.

"ताई, निदान तू तरी ऐक गं!"

"रविवारी जेवायला येतोस तेव्हा ऐकते तेवढं पुरे. कानाचे पडदे मला एकदाच मिळालेत."

वस्तीच्या वरच्या अंगाला वीजकेंद्राच्या राखेचा तलाव होता. एका दुपारी त्याच्या बांधाला भेग पडली. भोंगा पालिकेतल्या साहेबांच्या खोलीत धावला.

"साहेब, आज गाणं नको. लोक खिडक्या लावतात. थेट सांगतो, घरं सोडा म्हणून."

"गाण्याशिवाय सूचना अधिकृत कशी होईल? आणि बांध फुटतोय वगैरे नको. 'राखेची किंचित हालचाल' म्हण. लोक घाबरतील."

"घाबरू देत की साहेब!"

"तू फक्त आवाज दे. मजकुराचं आम्ही बघतो."

गाण्याचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी, आणि ड्रायव्हरला नोकरी प्यारी. गाणं लागलं. खिडक्याही लागल्या. भोंग्याने मजकुराचा कागद भिरकावला, बंद काचांवर "पळा!" म्हणून बोंबलून पाहिलं आणि शेवटी गाडीतून उडी मारून दारं बडवत सुटला. दार उघडणारा प्रत्येक जण आधी करवादायचा, "भरली रे बाबा घरपट्टी!" मग त्याला समजवा, बाहेर काढा, पुढचं दार गाठा.

शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी तो पोचला तेव्हा तिथून करडा चिखल वाहत होता. त्याने ताईला हाक मारली. त्या हाकेला पहिल्यांदाच कुठूनही ओ आली नाही.

ताईची खिडकी आतून लावलेली सापडली. सूचना वेळेवर देण्यात आली होती, असं चौकशीत ठरलं. मंजूर मजकूर वाचला नाही म्हणून भोंग्याची नोकरी गेली. गाडीवर आता दुसरा माणूस आहे. गाणं तेच आहे.